बाळाच्या आधी डबे

"बाळंतपण माझ्याकडेच होणार," ज्योतीरामांनी जाहीर केलं. "जन्म गेला चाकणच्या कंपनीत डिस्पॅच सांभाळण्यात. पाऊस असो, संप असो, माझी गाडी कधी उशिरा सुटली नाही. हे काय त्याहून अवघड आहे?"

समोर सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या छबूबाईंनी पदर सारखा केला. छबूबाई म्हणजे ज्योतीरामांच्या लेकीच्या, निशिगंधाच्या सासूबाई. अंबाजोगाईच्या पलीकडच्या गावाहून सुनेला न्यायला पुण्याजवळच्या चऱ्होलीपर्यंत आल्या होत्या. वय चोरून बैल विकायला आणणाऱ्याकडे पाहावं, तसं त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं.

"पाव्हणं, गाडीत भरायचे खोके आन् पोटातलं लेकरू एकच म्हंता व्हय?"

"तसं नाही, विहीणबाई. नियोजन म्हणतोय मी."

"पहिलं बाळंतपण माहेरी आसतंय, मला ठाव हाय. पन माहेर म्हंजी काय नुसत्या भिताडी आसतेत का? आई न्हाई तर माहेर कसलं? कोन शेकवनार, कोन न्हाऊ घालनार, कोन येळंवर ऊन ऊन ताट देनार? माझ्या घरी दुभती म्हैस हाय, चूल हाय, मी हाय."

निशिगंधा स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती. आठवा महिना सरत आला होता. भोसरीच्या शाळेतल्या मुलांना ती एका नजरेत गप्प करत असे, पण सासूपुढे तिला शब्द सापडेनात. छबूबाई वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. वाईट सासूशी भांडता येतं. या बाईचं सगळं बरोबर होतं, आणि वर माया होती.

"आत्याबाई, माझी डॉक्टर इथे आहे," ती म्हणाली. "गावाहून दवाखाना लांब पडतो."

हे कारण खरंच होतं. पण याच्या खाली आणखी एक होतं, ते बोलायला गेलं की तिचा आवाज दगा द्यायचा. पौषात आई गेली. या घरात आईचे मसाल्याचे डबे अजून आईनं लावलेल्या क्रमाने उभे होते. बाळ दवाखान्यातून पहिल्यांदा कुठल्या घरी यायचं, तर इथे. बस, एवढंच.

छबूबाईंनी निकाल राखून ठेवला. "शुक्रवारी दीराच्या नव्या घराची वास्तुशांत हाय. ती उरकली की ऐतवारी मी गाडी घिऊन येते. तयारी बघते. पटली तर ठिवते हितं. न्हाई पटली तर त्याच गाडीत बसायचं, बाई."

त्या गेल्या आणि निशिगंधाचं काळीज सायकलच्या सैल चेनसारखं खडखडायला लागलं. आठवड्यावर परीक्षा, आणि परीक्षेला बसणार कोण, तर ज्यांना चहापलीकडे काही करता येत नाही ते अण्णा.

तिनं कुठेतरी वाचलं होतं, की परदेशातल्या बायका बाळ यायच्या आधीच महिन्याभराचं जेवण शिजवून गोठवून ठेवतात. नंतर नुसतं काढायचं आणि गरम करायचं. तिनं हे वडिलांना अगदी भीतभीत सांगितलं.

ज्योतीराम ताठ बसले. "म्हणजे बफर स्टॉक," ते म्हणाले.

आई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड तिनं पाहिला नव्हता. मग मला खात्री नाही, हे वाक्य तिला पुढे बोलताच आलं नाही.

घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मटाराची दोन पाकिटं ठेवली की दार लागत नसे. म्हणून ज्योतीरामांनी युसुफला फोन केला. युसुफचं आळंदी रस्त्यावर फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं आणि ज्योतीरामांशी जुना दोस्ताना होता. बंद पडलेल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातला डीप फ्रीझर तो टेम्पोत घालून घेऊन आला. वर सरकती काच, पुढे हसणारा पेंग्विन. तो हॉलमध्ये मावावा म्हणून सोफा गॅलरीत गेला. त्या दिवसापासून घरात शिरणाऱ्याला आधी पेंग्विन दिसे, मग ज्योतीराम.

"भाऊ, एकच बात ध्यानात ठेवा," युसुफ म्हणाला. "लाईट गेली तरी दिवसभर गार राहतं. फकत झाकण उघडायचं नाही. उघडलं की गेलं."

"मला शिकवतोस? कोल्ड चेन माहीत आहे मला."

मग स्वयंपाक सुरू झाला. निशिगंधा स्टुलावर बसून सांगणार, ज्योतीराम करणार. सांगणं तिच्या आठवणीतून यायचं, आणि आठवण नेमकी मोक्याच्या जागी संपायची.

"मेथ्या आणि लसूण परतला. मुगाची डाळ घातली. मग?"

"मग आई काहीतरी वरून घालायची."

"काय?"

निशिगंधा आठवत राहिली. ज्योतीराम पळी धरून थांबले. हजारदा खाल्लेली आमटी, आणि दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. शेवटी ज्योतीरामांनी गॅस बारीक केला आणि म्हणाले, "त्या पार्टशिवाय असेंब्ली करू."

प्रत्येक पदार्थ त्यांनी चमच्यावर घेऊन, डोळे बारीक करून तपासला. पास झाला तर डब्याला हिरवं स्टिकर, नापास झाला तर लाल. पहिल्या दिवशी घरात एवढं लाल झालं, की सिग्नलला उभं राहिल्यासारखं वाटावं. मेथ्या कडू, शेपू करपलेला, खिचडी अशी घट्ट की तिच्यावर वीट बसवता आली असती. डिंकाचे लाडू तर बेअरिंगच्या गोळ्यांसारखे निघाले. एक ओट्यावरून पडला तेव्हा फरशीच्या टाइलला चीर गेली, लाडू जसाच्या तसा.

"अण्णा, जमणार नाही का हो?" निशिगंधानं विचारलं. आवाजात हसू आणायचा प्रयत्न केला, आला नाही.

"ट्रायल लॉट आहे. ट्रायल लॉट कधी पास होतो का?"

तिसऱ्या दिवशी पहिलं हिरवं स्टिकर लागलं, दुधीच्या भाजीला. मग हळूहळू मुगाची आमटी, शेपू, जिऱ्याची खिचडी. युसुफच्या बायकोनं, बिल्किसनं, पायाचं सूप करून पाठवलं. बाळंतिणीच्या कमरेला यासारखं काही नाही, असा निरोपही त्याच्याबरोबर आला. बुधवारी संध्याकाळी पेंग्विन गळ्यापर्यंत भरला. निशिगंधा काचेतून रांगेत लावलेले डबे बघत उभी राहिली. एवढे दिवस छातीत जी खडखड चालू होती, ती थोडी कमी झाली. पूर्ण थांबली म्हणता येणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

गुरुवारी आपल्याकडे वीज जाते. देखभाल-दुरुस्ती म्हणा, कारखान्यांची सुट्टी म्हणा, गुरुवार म्हटला की पंखा बंद, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. ज्योतीरामांनी ते धरलेलंच होतं. सकाळी लवकर दोघं दवाखान्यात नेहमीच्या तपासणीला जाऊन आली, पिशवीत शाल आणि पाण्याची बाटली घेऊन. परतली तेव्हा वीज गेलेली होती. चारपर्यंत येईल. तोवर झाकण उघडायचं नाही. सोपं होतं.

दहा मिनिटांनी ज्योतीरामांनी झाकण उघडलं.

"अण्णा!"

"उघडलं नाही. तपासलं."

"काचेतून दिसतं की."

"दिसतं, पण हाताला लागत नाही."

त्यांनी खिचडीच्या डब्याला बोट लावलं, समाधानाने मान हलवली आणि काच सरकवली. थोड्या वेळाने दुधीची खबर घेतली. मग आमटीची. प्रत्येक वेळी डबा जरासा कमी गार लागायचा, त्यामुळे काळजी वाढायची, त्यामुळे पुढची तपासणी आणखी लवकर व्हायची. वैशाखातलं ऊन खिडकीतून आत येऊन बसलं होतं. तेवढ्यात युसुफ चौकशीला आला, तेव्हा ज्योतीराम कोपरापर्यंत फ्रीझरमध्ये होते.

"भाऊ, बघून बघून थंड होत नसतं ते."

"मी फक्त खात्री करत होतो."

युसुफनं हात घालून पाहिला आणि काही बोलला नाही. दुरुस्तीवाला गप्प बसला की समजून घ्यावं.

निशिगंधा वीज कार्यालयाला फोन लावत होती. उचलला गेला तेव्हा कळलं, की रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं केबल तोडली आहे; आज रात्री, नाहीतर उद्या. एवढं ऐकून तिच्या फोनचीही बॅटरी संपली. ती खुर्चीत बसली. रविवारी छबूबाई येणार, रिकामा पेंग्विन बघणार, आणि म्हणणार, चल बाई. एवढंच चित्र तिला पुन्हा पुन्हा दिसत होतं.

"बी विंगला लाईट आहे," युसुफ खिडकीतून बघत म्हणाला. "त्यांची डीपी वेगळी."

ज्योतीरामांच्या अंगात जुना सुपरवायझर जागा झाला. "माल हलवा," ते म्हणाले.

गॅस सिलिंडर न्यायची ट्रॉली खालून आली. डबे पिशव्यांत भरले. दोन्ही हात लागत होते, म्हणून ज्योतीरामांनी स्वतःचा फोनही एका पिशवीत टाकला, शेपूच्या आणि दुधीच्या मधे. मग बी विंगचं एकेक दार वाजायला लागलं. ज्योतीराम डिस्पॅचच्या वेळी फार बोलत नसत. प्रत्येक दारात तेवढंच वाक्य: "बाळंतिणीचं आहे, फ्रिजमध्ये ठेवून घ्या." आणि पुढचं दार.

आता यापुढचं निशिगंधाला नंतर कळलं, पण ते इथेच सांगितलेलं बरं.

बी विंगमध्ये रुपाली राहायची. ती छबूबाईंच्याच गावची. निशिगंधाचं आणि समाधानचं लग्न तिनंच जमवलेलं. सकाळी झाडांना पाणी घालताना तिनं बापलेकीला पिशवी घेऊन दवाखान्याकडे जाताना पाहिलं होतं. आणि आता ज्योतीराम घामाघूम होऊन दारात उभे, हातात बाळंतिणीचे डबे.

"अगंबाई! काका, कधी झालं? समदं नीट ना?"

"मग बोलू, अजून मजले बाकी आहेत," म्हणून ज्योतीराम लिफ्टमध्ये शिरलेसुद्धा.

रुपालीनं डबे फ्रिजमध्ये लावले, सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा मेसेज टाकला आणि कणीक मळायला घेतली. थोड्या वेळाने तिचा फ्रिज वाजायला लागला. ती दचकली. दार उघडलं तर शेपूमागे काकांचा फोन, आणि त्यावर नाव, विहीणबाई.

"हॅलो, पाव्हणं?" छबूबाईंचा आवाज आला. "उद्याच्या वास्तुशांतीला येनार हाव का, तेवढं सांगा."

"काकू, मी रुपाली. आता कसली वास्तुशांत? आज्जी झालाव की तुमी."

"कोन म्हनलं?"

"म्हनायला कशाला पायजे? सकाळी दवाखान्यात गेले. आता काका बाळंतिणीचे डबे पोचवायलेत घरोघरी."

"आन् मला कळवलं न्हाई?"

"गडबड किती आसंल बगा की. काकांनी फोन माझ्या फ्रिजात ठिवलाय, आन् त्यांला पत्त्या न्हाई."

याहून मोठा पुरावा कोणाला लागतो? तरी छबूबाईंनी सुनेला फोन लावला, तो बंद. मुलाला लावला. समाधान चाकणच्या कंपनीत, आणि तिथे फोन गेटवर जमा करावे लागतात. तोही वाजून वाजून थांबला. छबूबाईंनी ओळखलं, की काहीतरी झालंय आणि सगळे आपल्यापासून लपवताहेत.

घरात मूल जन्मलं की भावकीला सोयर लागतं. सोयर फिटेपर्यंत देवाला हात लावायचा नाही, शुभकार्य करायचं नाही. छबूबाईंनी दीराला, दादासाहेबांना, अंगणातूनच ओरडून सांगितलं. दादासाहेबांनी कपाळाला हात लावला. दारात मांडव उभा होता, आचारी भट्टी पेटवत होता, भटजी तालुक्याहून निघाले होते. मांडव सुटला. भट्टी विझली. भटजींना अर्ध्या वाटेतून माघारी लावलं. साऱ्या भावकीनं देवघरांची दारं लोटली. आणि छबूबाई पाळणा, घोंगडी, तुपाची बरणी आणि बाळंतविडा घेऊन गाडीत बसल्या.

इकडे निशिगंधाच्या दाराबाहेर दुपारपासून विचित्र प्रकार चालू होता. कोणी दार वाजवत नव्हतं, पण दार उघडलं की काहीतरी ठेवलेलं असायचं. आधी गरम पाण्याचा थर्मास. मग जुन्या मऊ लुगड्यांचं गाठोडं. मग कोळशाची शेगडी, वर ओव्याची पुडी. पहिल्या दिवशी बाळंतिणीला त्रास नको, म्हणून बी विंगच्या बायका पावलं न वाजवता परत जात होत्या.

निशिगंधाला वेगळंच वाटलं. "अण्णा, लोकांना आपली कीव येतेय," ती म्हणाली. "त्यांनाही कळलंय, आपल्याला जमणार नाही ते."

"कीव कसली? शेजारधर्म आहे."

"आई असती तर कोणी शेगडी आणून ठेवली असती का?"

रिकाम्या फ्रीझरची काच ज्योतीराम उगाच फडक्यानं पुसत राहिले.

दिवेलागणीला, म्हणजे दिवे नव्हतेच, पण त्या वेळेला, दारावर थाप पडली. ज्योतीरामांनी मेणबत्ती धरून दार उघडलं. छबूबाई उभ्या. केस विस्कटलेले, डोळे लाल, मागे ड्रायव्हरच्या डोक्यावर पाळणा.

"कुठंय?" त्या म्हणाल्या.

"कोण?"

"कोन म्हंजी? लेकरू. काचंच्या पेटीत ठिवलंय का? खरं सांगा, पाव्हणं. आठव्यातलं लेकरू. मी वाटंत एक घोट पानी प्याले न्हाई."

तेवढ्यात आतून निशिगंधा आली, एक हात कमरेवर, पुढे पोट. छबूबाईंनी मेणबत्ती ज्योतीरामांच्या हातातून काढून घेतली आणि पोटाजवळ धरली. बराच वेळ बघितलं.

"एक झालं," त्या म्हणाल्या, "आन् दुसरं आजून आत हाय का?"

"आत्याबाई, एकही झालेलं नाही."

छबूबाई होत्या तिथेच खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. निशिगंधाला वाटलं, आता भडका उडणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आत हाय ना? आसू दे. आतच बरं हाय ते."

भडका नंतर उडाला, कशावरून काय झालं ते कळल्यावर. त्यात ज्योतीराम, रुपाली, वीज कंपनी आणि पेंग्विन, कोणीच सुटलं नाही. "बाळंतिणीला बर्फातलं शिळं घालनार व्हताव? आयस्क्रीमच्या पेटीतलं?" ज्योतीराम मान खाली घालून उभे राहिले, जणू आयुष्यातली पहिली गाडी उशिरा सुटली होती. निशिगंधाच्या मनाने तोवर बॅग भरायला घेतली होती.

या गोंधळात समाधान आला. ओव्हरटाइम संपवून गेटवर फोन घेतला, तर ढीगभर अभिनंदनं. त्याच्या एका हातात पेढे, दुसऱ्या हातात जिलेबी.

"पोरगा का पोरगी, कुणीच सांगेना. म्हणून दोन्ही आणलं," तो म्हणाला. मग त्याने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि दोन्ही खोकी हळूच पाठीमागे नेली.

त्याच्या खिशातला फोन वाजला. दादासाहेब. छबूबाईंनी मुलाच्या हातातून फोन घेतला. आता खरं सांगायचं होतं.

"वहिनी, पोचलाव का? लेकरू कसं हाय?"

छबूबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते सांगायला नको. सुटलेला मांडव, विझलेली भट्टी, परत गेलेले भटजी, आणि बिनलेकराच्या सोयराला हसणारं गाव. त्यांची नजर निशिगंधाच्या पोटावर स्थिरावली.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "झोपलंय."

"पोरगा का पोरगी?"

"ते डॉक्टर सांगत न्हाईत."

"आँ? सांगत न्हाईत म्हंजी?"

"कायदा हाय, भावजी. दवाखान्यात पाटीच लावलीया."

पलीकडे थोडा वेळ विचार झाला. "आसंल बाबा," दादासाहेब म्हणाले. "पुण्याकडं कायदं लई कडक."

फोन ठेवल्यावर खोलीत कोणी कोणाकडे बघेना. शेवटी छबूबाईच बोलल्या, भिंतीला उद्देशून. "आता हिला गावाकडं कशी नेऊ? पोट दिसंल. आन् मी तरी कोन्या तोंडानं जाऊ? लेकरू हातात आल्याबिगर मला वेशीच्या आत पाय टाकता येत न्हाई." मग ज्योतीरामांकडे वळून, "पाव्हणं, माझी पथारी कुठं?"

ज्योतीरामांनी कपाट उघडलं. मग आतल्या खोलीत जाऊन, एवढे महिने रिकाम्या राहिलेल्या खाटेवर त्यांनी स्वच्छ चादर घातली. निशिगंधा दारातून बघत होती. तिला वाटलं होतं, हे बघवणार नाही. बघवलं.

छबूबाई मेणबत्ती घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. "भूक लागलीया. काय हाय?"

कुठल्याच फ्रिजमध्ये न मावलेला, आमटीचा एक डबा उरला होता. ज्योतीरामांनी तो गरम करून वाढला आणि हात बांधून उभे राहिले. छबूबाईंनी घास घेतला.

"कुनी केली?"

"मी."

"मेथ्या लसणाबरूबर परतल्या, ते बरं केलंव." आणखी एक घास. "वरून चिंचंचा कोळ राहिला."

ज्योतीरामांनी निशिगंधाकडे पाहिलं. निशिगंधानं त्यांच्याकडे.

"चिंच," ज्योतीराम म्हणाले.

"हां, चिंच. बाळंतिणीला नगं, आमसूल घालायचं. मिळमिळीत लागायलीय, म्हनून म्हनलं." त्यांनी वाटी पुढे केली. "आनखी वाढा. मिठाचा डबा कोनता?"

"वरच्या फळीवर, कोपऱ्यातला," निशिगंधा जागेवरून म्हणाली. "आत्याबाई, तो घेतला की परत तिथेच ठेवाल?"

छबूबाईंनी मेणबत्ती उंच करून ती सगळी रांग नीट पाहिली. मीठ घेतलं, आणि डबा जिथला होता तिथे, झाकणाची कडी होती तशीच वळवून ठेवला.

सकाळी वीज आली आणि बी विंगहून डबे परतू लागले. निम्म्या घरांनी बाळ झाल्याचं वाटप समजून ते खाल्ले होते. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून कोणी त्यात साखर घालून दिली, कोणी ठेचा, कोणी आंब्याचं लोणचं. बाळंतिणीला चालेल असं त्यात काहीही नव्हतं. ज्योतीरामांनी नव्या स्टिकरांचं पाकीट फोडलं, छबूबाईंनी पदर खोचला, आणि शिळ्याला नावं ठेवत ठेवत, 'अडीनडीला असावं' म्हणून, दुधी चिरायला घेतला.

दुपारी दादासाहेबांचा पुन्हा फोन आला. छबूबाईंनी फोन कानाशी धरला, पण दादासाहेबांचा आवाज साऱ्या घराला पुरून उरण्यासारखा होता.

"वहिनी, भटजींनी नवा मुहूर्त काढून दिला. महिन्याभराने हाय. त्याच्यामागं चातुर्मास लागतोय, म्हंजी ह्यो चुकला की गेलं वरीस. आन् ऐका, सोयर बी तवर फिटलेलं आसतंय. तवा मी ठरवलंय, नव्या घरात पयलं पाऊल नातवंडाचं. लेकराला घिऊन या. महिन्याचं झालेलं आसंल, गाडीत बसवायला हरकत न्हाई. समद्या भावकीला सांगूनशानी मोकळा झालो मी."

"येतो की," छबूबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

विळीवरचा दुधी तसाच राहिला. "डॉक्टरनं तुला कवाची तारीख दिलीया?"

निशिगंधानं सांगितली. ज्योतीरामांनी बोटांवर हिशेब केला आणि चष्मा काढून ठेवला. तारीख मुहूर्तानंतर दोन दिवसांनी येत होती.

छबूबाई उठल्या, सुनेजवळ जाऊन बसल्या, तिच्या पोटावर हात ठेवला. दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या,

"निशे, त्याच्या आदी जमतंय का बग."